मिरजेत तंबोरा दुरुस्त करून आणला: सात आठवडे, साडेसहा हजार रुपये

मिरजेहून तंबोरा घरी आला त्याला चार महिने झाले. मुद्दाम थांबले होते. तंबोऱ्याची दुरुस्ती खरी की वरवरची, हे दुकानात कळत नाही, श्रावणात कळतं. हवा ओली झाली की खुंट्या फुगून अडकतात, सांधे कुरकुरतात, आणि एप्रिलात गोड बोलणारी जवारी, म्हणजे तारांचा झंकार, ऑगस्टात घशात काही अडकल्यासारखी बोलायला लागते. साताऱ्यातला पावसाळा आता अर्ध्याहून अधिक सरला, घरातल्या दारांच्या फळ्यासुद्धा फुगल्या, पण तंबोरा आला तसाच आहे. म्हणून आता लिहायला बसले.

ज्यांच्या घरी आजीचा, आत्याचा, काकांचा तंबोरा गवसणीत गुंडाळून कपाटामागे उभा आहे, आणि तो वाजवणारं घरात कुणी उरलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मीही गात नाही. मी कादंबऱ्या लिहिते. चार झाल्या, पाचवी चालू आहे. तरीही हा तंबोरा माझ्या रोजच्या वापरातला आहे, स्वयंपाकघरातल्या पातेल्याइतका. का ते पुढे येईलच.

दुकानाचं नाव देत नाही. तो दुरुस्त करणाऱ्या चाचांनीच नको म्हटलं. हाताखाली एक मुलगा आणि एक पुतण्या, आणि वर आढ्याला टांगलेलं पुढच्या वर्षभराचं काम. "नाव छापलं की फोन येतात ताई, आणि फोन उचलत बसलो तर जवारी कोण काढणार?" मिरजेतल्या सतारमेकर गल्लीत जा, दोन-तीन दुकानांत बसून कान देऊन ऐका, म्हणजे तुम्हाला तुमचा माणूस सापडेल. मला तो तिसऱ्या दुकानात सापडला.

तंबोरा आजीचा. साडेतीन-पावणेचार फुटांचा, बायकांच्या आवाजासाठी केलेला, पेटीच्या काळी चार पट्टीला लागणारा. तिने तो १९५६ साली मिरजेतूनच आणला. तारीख मला ठाऊक आहे, कारण आजीची हिशोबाची वही माझ्याजवळ आहे. लाल कापडी बांधणीची, लांबट, वाण्याकडे असते तशी. त्या दिवसाच्या पानावर रुपये-आणे-पैत लिहिलंय: तंबोरा ११०-०-०. टांगा ०-१२-०. भडंग ०-४-०. कंदी पेढे (कारागिराच्या घरी) १-०-०. आणि त्याखाली: कृष्णा दोन्ही काठ भरून, गाडीतून दिसली, ०-०-०.

ही शेवटची ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. आजीला विचारलं, याला पैसे पडले नाहीत तर लिहिलंस कशाला? ती म्हणाली, "पैसे पडले नाहीत हेही लिहून ठेवावं लागतं, नाहीतर विसरायला होतं." पुढे मी सगळी वही वाचली. गूळ, रॉकेल, शाळेची फी, शिंप्याची शिलाई, आणि अधूनमधून, कधी आठवड्यातून एकदा, कधी सलग चार दिवस, या शून्याच्या ओळी. तारेवर खंड्या, ०-०-०. दुपारी पाऊस, गाढ झोप लागली, ०-०-०. सासूबाईंनी आपणहून चहा केला, ०-०-०. एप्रिल १९५७ मध्ये नवे पैसे आले तेव्हा आजीनेही रीत बदलली आणि पुढच्या सगळ्या ओळींपुढे नीट दशांश चिन्ह देऊन ०.०० लिहिलं. आनंदाचा हिशोबही सरकारी नियमाने.

मला कुणी विचारलं की कादंबरी लिहायला कुठे शिकलात, तर मी या वहीचं नाव घेते. लोकांना वाटतं, मी विनयाने बोलते आहे. तसं नाही. कुठल्याही पात्राला कागदावर आणण्याआधी मी आजही त्याच्या नावाने एक पान करते. त्याचा महिन्याचा खर्च किती, कुठे काटकसर, कुठे उधळपट्टी, आणि त्याच्या शून्याच्या ओळी कोणत्या. खर्च चटकन सुचतात. शून्याच्या ओळी सापडायला कधी दोन-दोन महिने जातात, आणि त्या सापडेपर्यंत ते माणूस बोलायला लागत नाही.

वहीने एवढं दिलं. तंबोऱ्याने दिलं ते वेगळं आहे.

आजी मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची. मैफिली केल्या नाहीत, करायच्याही नव्हत्या. पण पहाटे उठून दूध तापायला ठेवलं की ती मागच्या खोलीत तंबोरा लावायला बसे. गायची दहा-पंधरा मिनिटं, लावायची त्याहून जास्त. आम्ही मुलं पुढच्या खोलीत गोधडीत. दार अर्धं लोटलेलं. आधी स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मग खुंटी पिळल्याची कुरकुर, मग एकच तार, पुन्हा पुन्हा. कुठल्या तरी क्षणी चारही तारा एकमेकींत मिसळत आणि खोलीची हवाच बदले. ती जागा मला झोपेतही कळायची. आजी म्हणायची, न लागलेला तंबोरा परवडला, तो निदान खोटं बोलत नाही. जवळजवळ लागलेल्यापासून जपावं. हे "जवळजवळ" माझ्या कानात तेव्हापासून बसलंय. एखादा परिच्छेद नीट उतरलेला असतो, व्याकरण ठीक, माणसं ठीक, वाचणारा खुशाल पुढे जाईल, आणि मला मात्र ठाऊक असतं की हे जवळजवळ आहे. तिसऱ्या कादंबरीचा शेवट मी सहा वेळा लिहिला तो याच कानापायी. गाता गळा घराण्यातून आला नाही, कान आला.

आजी गेल्यावर तंबोरा आईकडे आणि आईकडून माझ्याकडे आला. तेव्हापासून माझा नेम असा: पाच वाजता उठायचं, चहा टाकायचा, तंबोरा लावायचा, वीसेक मिनिटं नुसता छेडत बसायचं. मग तो छेडतच आदल्या दिवशी लिहिलेलं पान मोठ्याने वाचायचं. जे वाक्य तारांवर टेकत नाही ते खुडायचं. तोवर चहा निवलेला असतो, तो पुन्हा तापवून भडंगाबरोबर प्यायचा. अजिंक्यताऱ्यावर ऊन आलं की लिहायला बसायचं. माझ्या दिवसातला हा सर्वांत आवडता वेळ, अगदी छापलेलं पुस्तक हातात येतं त्या दिवसापेक्षाही.

गेल्या दिवाळीआधी घराला रंग दिला. कपाट सरकवताना तंबोरा घसरला. नारळ फुटावा तसा आवाज झाला. भोपळ्याला मागच्या बाजूने वीतभर चीर गेली होती, आणि जिथे दांडी भोपळ्याला मिळते तो सांधा, गुलू म्हणतात त्याला, हलू लागला होता.

खरं तर दुखणं आधीपासूनचं होतं. सहा वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या दुकानात तो तारा बदलायला दिला होता. चार हजार घेऊन त्यांनी त्याला चकचकीत व्हार्निश मारलं, आणि न विचारता घोडीचा, म्हणजे तारा ज्यावरून जातात त्या पट्टीचा, माथा घासून सपाट केला. दिसायला नवाकोरा झाला आणि बोलायचा थांबला. तारा छेडल्या की टणटण वाजायच्या, मागे काहीच उरायचं नाही. मी तसाच वापरत राहिले. आज त्याचं वाईट वाटतं. तेव्हाच मिरजेला जायला हवं होतं.

तंबोरा फुटल्यावर मधले तीन महिने फोनमधल्या तंबोऱ्यावर काढले. त्याबद्दलही सांगते, कारण बरेचजण तोच पर्याय निवडतात. आवाज चांगला असतो. रियाजाला, प्रवासाला, शिकणाऱ्या मुलांना उत्तमच. पण तो लावावा लागत नाही. बटण दाबलं की लागलेलाच. माझी सकाळ तर त्या लावण्यातच होती. पाचवी कादंबरी अकराव्या प्रकरणात येऊन थांबली ती याच तीन महिन्यांत. बाकीही कारणं असतील, पण हे एक होतंच.

फेब्रुवारीत भाच्याच्या गाडीतून निघालो. कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा, सांगली, मिरज. तंबोरा मागच्या सीटवर दोन गाद्यांच्या मध्ये आडवा. नेणाऱ्यांसाठी सांगते: तारा पूर्ण सोडू नका, निम्म्याने सैल करा, घोडी निसटू नये म्हणून फडक्याने बांधा, भोपळ्याखाली कापूस किंवा जुनी रजई हवी, थर्माकोल नको, तो घासतो. आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवून जेवायला उतरू नका. सांधे चिकटवलेला सरस सुटतो.

मिरज म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला दवाखाने आठवतात, उरलेल्यांना जंक्शन. २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाणी घेऊन रेल्वे गेली ती इथूनच. गाण्याच्या माणसांना मात्र मिरज म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेब. ते १९३७ साली गेले, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. तिथे दरवर्षी गाण्याची हजेरी लागते. खाँसाहेबांना वाद्यदुरुस्तीचं अंग होतं, जवारी ते स्वतः काढत. हिराबाई बडोदेकरांचा जन्म मिरजेचा, १९०५ सालचा. रेडिओवर हिराबाई लागल्या की आजी हातातला अडकित्ता खाली ठेवायची, सुपारीचा आवाजसुद्धा मध्ये येऊ नये म्हणून.

सतारमेकर गल्लीतल्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. तलवारींचं काम आटलं आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करता करता ती घडवायला घेतली. मिरज पटवर्धनांचं संस्थान, दरबारात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा राबता. काम मिळत गेलं. आज तिथे सहाव्या-सातव्या पिढीचे हात चालतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची फ्रेम एका दुकानात पाहिली. चाचांच्या दुकानात भिंतीवर जागाच नव्हती.

दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत आढ्याला भोपळे टांगलेले, मोठे, धुळकट पिवळे. हे खायचे भोपळे नव्हेत, कडू असतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठच्या शेतांतून येतात, वेलावरच पिकवून वाळवलेले. चाचा सांगत होते, अवकाळी पाऊस झाला की भोपळा आतून कुजतो, आणि त्या वर्षी चांगला तंबोरा कमी होतो. दांडीला तून लाकूड. मागच्या खोलीत लाखेचा आणि लाकडाच्या भुशाचा वास, एक बाकडं, एक खिडकी, आणि कोपऱ्यात चहाचे काचेचे ग्लास.

चाचांनी तंबोरा गवसणीतून काढला तो बाळ दुपट्यातून काढावं तसा. गवसणी आजीनेच शिवलेली, तिच्या एका जुन्या इरकली लुगड्याची, आतून मांजरपाट. आधी त्यांनी गवसणीचीच घडी घातली, मग वाद्याकडे पाहिलं. टिचकी मारून भोपळा ऐकला, तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, अंगठा फिरवला, घोडीशी डोळा नेला आणि विचारलं, "हे कुणी घासलं?" मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या कारागिराला नावं ठेवली नाहीत, हे मला फार आवडलं.

मी म्हटलं, भोपळा बदलावा लागेल का? "नवा घालू शकतो. मग तंबोरा तुमच्या आजींचा राहणार नाही, माझा होईल. चीर आतून बांधून घेऊ." खर्च त्यांनी कागदावर मांडून दिला, तोच इथे देते. भोपळ्याची चीर आणि गुलूचा सांधा दोन हजार. घोडी आणि जवारी दीड हजार. दोन नव्या खुंट्या आठशे. तारांचा संच चारशे. व्हार्निश काढून हाताने लाखेचं पॉलिश अठराशे. एकूण साडेसहा हजार. निम्मे आगाऊ. मुदत सांगितली तीन आठवड्यांची.

आता तक्रारी. तीनचे सात आठवडे झाले. मधे फोन लागला तर उचलला जात नव्हता, आणि उचलला तर "होतंय ताई, घाई करू नका" एवढंच. कुणाला ठरलेल्या तारखेला कार्यक्रमासाठी वाद्य हवं असेल तर हे अवघड आहे, दोन महिने हातात ठेवूनच जा. तारांच्या टोकाशी सूर बारीक जुळवायचे जे मणी असतात त्यातला एक हरवला. त्याजागी प्लास्टिकचा घातलाय, आणि तो बाकी तिघांपेक्षा पांढरा दिसतो. मी तो दाखवला तेव्हा चाचांनी मुलाला सगळ्या डब्या उपसायला लावल्या, जुना सापडला नाही. गवसणीला लाखेचा एक डाग पडलाय, आठ आण्याएवढा. तो जात नाही. याचं मला मण्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. तुमची गवसणी जुनी असेल तर ती तिथे ठेवू नका, घरी आणा.

आणि आता ज्याच्यासाठी हा सगळा लेख आहे ते.

एप्रिलच्या सुरुवातीला आणायला गेले तेव्हा बाकी सगळं काम झालं होतं, जवारी ठेवली होती. "जवारी मालकाशिवाय काढायची नसते," असं चाचांचं म्हणणं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तंबोऱ्याच्या तारा घोडीवरून जातात. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी किंचित उतार असतो, नखाने कळेल न कळेल एवढा. तार छेडली की ती या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते आणि सुटते, आणि त्यातून मूळ स्वराच्या पोटातले वरचे स्वर बाहेर येतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवतात, त्याची जागा सापडली की तो झंकार फुलतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना हीच गोष्ट मांडली होती: तार छेडण्याच्या जागेमुळे जे स्वर नियमाने गैरहजर असायला हवेत, ते तंबोऱ्यात चक्क हजर असतात, आणि त्याचं कारण ही घोडी. तो उतार यंत्राने काढता येत नाही. कानस फिरवायची, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा कानस. माझ्या तंबोऱ्याला साडेतीन तास लागले, मधे नमाजाची वेळ धरून.

सुरुवातीला त्यांनी विचारलं, "आवाज कसा पाहिजे? खुला की बंद?" खुली जवारी म्हणजे झंकार जास्त, बंद म्हणजे आवाज गोल, आवरलेला. मला ते शब्द ठाऊक होते, पण आजीचा तंबोरा त्यातला कोणता हे सांगता येईना. शब्दांवर पोट असलेली मी, आणि एका आवाजाचं वर्णन जमेना. शेवटी म्हटलं, मला तो समोरून आठवतच नाही. आठवतो तो दुसऱ्या खोलीतून. पहाटे, दार अर्धं लोटलेलं, मी गोधडीत.

चाचा क्षणभर थांबले. मग पुतण्याला म्हणाले, ताईंना पुढच्या खोलीत खुर्ची दे, पंखा बंद कर, दार अर्धं लोट.

मी त्या टांगलेल्या भोपळ्यांखाली बसले. गल्लीतून मोटारसायकली जात होत्या, कुठेतरी कुणी सतारीचे पडदे बांधत होतं. आतून कानशीचा आवाज, मग खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची तार, पितळेची, ती एकच, पुन्हा पुन्हा. चाचा आतून विचारत, "हा?" मी म्हणायची, नाही. पुन्हा कानस. "हा?" जवळ आलाय, पण नाही. तेव्हा आतून आवाज आला, "जवळ नको ताई. बरोबर सांगा." त्या माणसाने आजीला कधी पाहिलं नव्हतं.

मग बराच वेळ त्यांनी काही विचारलंच नाही. पंचम लागला. जोडीच्या दोन तारा लागल्या, एकीत एक विरल्या. खर्ज मिळाला. चारही तारा सावकाश, एका लयीत. आणि तारांवर कुणी न छेडलेला गंधार खोलीत ऐकू यायला लागला. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. खर्जाच्या पोटातून तो आपोआप उमटतो, पण तंबोरा पुरता लागला तरच. सहा वर्षांत माझ्या घरी तो आला नव्हता. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. पुतण्याने दारातून माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन सांगितलं, "झालं म्हणे."

चाचांनी उरलेले पैसे मोजले नाहीत. मी कंदी पेढे नेले होते, वहीत लिहिलंय म्हणून. ते घेताना म्हणाले, "साताऱ्याहून का? आमच्या लहानपणी यायचे कुणीकुणी घेऊन." याच घरातून आजीने तंबोरा नेला होता की गल्लीतल्या दुसऱ्या, ते कळायला मार्ग नाही, आणि मी फार खोदलंही नाही. कादंबरीत असतं तर मी ते घर हेच आहे असं कधीच लिहिलं नसतं, खोटं वाटलं असतं.

परतताना सांगलीच्या पुलावर गाडी थांबवली. कृष्णा उन्हाळ्यातली, अर्धी वाळू.

घरी आल्यावरचं थोडं, कारण दुरुस्तीनंतर पहिला महिना जपायचा असतो. नव्या तारा आठ-दहा दिवस उतरत राहतात, रोज लावाव्या लागतात, चिडू नका. नव्या खुंट्या घसरत असतील तर खडू लावा, तेल कधीही नको. वाद्य भिंतीला टेकवून उभं ठेवत असाल तर खाली चुंबळ द्या. मी आता आडवंच ठेवते, माझ्या पलंगाशेजारी. पावसाळ्यात गवसणी रोज काढून हवा लागू द्या. जवारी दोन-तीन वर्षांनी पुन्हा बघून घ्यावी लागते, तार घोडीला घासून खोबण पाडते. मालकीण रोज छेडणारी असेल तर लवकर, असं चाचांनी बजावलंय.

पैशाच्या मानाने काम कसं? नव्या चांगल्या तंबोऱ्याला याच्या कितीतरी पट पडतात, त्यामुळे साडेसहा हजार मला जास्त वाटले नाहीत. वेळेच्या बाबतीत मी समाधानी नाही. फोनच्या बाबतीत तर मुळीच नाही. कामाच्या बाबतीत मला शंका उरलेली नाही. लोकांना तारे मोजायची सवय असते म्हणून सांगते, पाचापैकी साडेचार, आणि तो अर्धा मण्याचा नाही, गवसणीवरच्या डागाचा.

अकरावं प्रकरण मेमध्ये संपलं. आता चौदाव्यात आहे. त्यातली म्हातारी गेले पंधरा दिवस बोलत नाहीये. तिच्या पानावर खर्च सगळे मांडून झालेत, किराणा, औषधं, नातीला पाठवलेली मनिऑर्डर, पण शून्याची ओळ एकही मिळालेली नाही. रोज पहाटे तिचं पान तंबोऱ्यावर वाचते आणि खुडते.

मणी मिळाल्याचा निरोप परवा आला, चाचांच्या मुलाकडून. जुना नव्हे, पण हाडाचा, रंगाला जुळणारा. दसऱ्यानंतर जायचं ठरलंय, या वेळी रेल्वेने, कोयना एक्स्प्रेसने. पेढे सांगून ठेवलेत. येताना भडंग दोन किलो, कारण घरातलं संपत आलंय आणि तसं इथे मिळत नाही.